पुरंदरच्या कड्यावरची शिंदळ माकुडी आणि आपले पडीक रान

दुर्मीळ वनस्पती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिमालय येतो, नाहीतर ॲमेझॉनचे जंगल येते. आपल्या बारामती-इंदापूरकडे काय आहे? कालव्याखाली ऊस आणि कालव्यावर माळ. पण जगात नामशेष होण्याच्या काठावर आलेल्या वनस्पतींची चर्चा सुरू झाली, तेव्हा अगदी सुरुवातीच्या यादीत नाव आले ते आपल्या शेजारच्या पुरंदरावर वाढणाऱ्या एका वनस्पतीचे. सोमेश्वरनगरहून नीरा, जेजुरी, सासवड असा रस्ता धरला की हा किल्ला येतो. त्या वाटेने आपण शेकडो वेळा गेलो असू. त्या कड्यावर काय उगवते, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

या वनस्पतीचे नाव शिंदळ माकुडी. शिवनेरीवर सापडते म्हणून काहीजण तिला शिवसुमन असेही म्हणतात. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. १८६० च्या दशकात डालझेल नावाच्या ब्रिटिश वनाधिकाऱ्याला ती जुन्नरच्या डोंगरात आढळली. त्या वेळी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर होते, त्यांच्या नावावरून फ्रेरिया हे नाव पडले. अलीकडे शास्त्रज्ञ तिला बुसेरोशिया या जवळच्या गटात धरतात, पण जुने नावही चालू आहे. जागतिक निसर्ग संरक्षण संघाने पूर्वी जगातील सर्वांत धोक्यातील बारा वनस्पतींची यादी केली होती. त्या बारांत ही एक होती. पुढे शोध घेतल्यावर ती आणखी काही ठिकाणी सापडली. तरी ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत: शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, सातारा जिल्ह्यात सज्जनगड व महाबळेश्वर, अहिल्यानगर जिल्ह्यात रंधा धबधब्याचा परिसर. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गात कुठेच नाही.

ओळख कशी पटवायची?

ही रुईच्या कुळातली. रुई, उतरण, हरणदोडी ही तिची भावंडे. कातळाच्या फटीत मुळे रोवून ती कड्यावरून खाली लोंबते. खोड बोटासारखे जाड आणि रसाळ. पावसाळ्यात शेंड्याकडे मांसल, हिरवीगार पाने येतात. उन्हाळ्यात पाने गळून जातात आणि नुसती राखट कांडी दिसते. अनोळखी माणूस तिला वाळलेली काटकीच समजेल. पाऊस ओसरत आला की फूल येते. गर्द तांबूस-किरमिजी रंगाची पाच टोकांची चांदणी आणि तिच्यावर पिवळे ठिपके. आकार साधारण जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढा. तिच्या जवळच्या बहुतेक नातेवाईकांना पाने जवळजवळ नसतात. हिला मात्र चांगली पाने असतात, म्हणून जगभरच्या वनस्पतितज्ज्ञांना तिचे कौतुक.

तिच्या फुलावर मधमाशी येत नाही, माशी येते. फळे जोडीने येतात, बारीक शिंगांसारखी. ती तडकली की रुईच्या बोंडातून उडते तशी म्हातारी उडते आणि तिच्यासोबत बी जाते. आता विचार करा. फूल आले, माशी आली, बी धरले, वारा सुटला. एवढे होऊनही ते बी नेमके कातळाच्या ओल्या फटीत पडले तरच रोप होणार. शेताच्या मातीत पडले तर तणात गुदमरून जाणार. त्यात शेळ्यांना तिची पाने आवडतात. दरड कोसळली की त्या कड्यावरचा सगळा ताटवाच जातो. वणवा लागला की उरलेली जळते. आणि काही हौशी माणसे कुंडीत लावायला म्हणून उपटून नेतात, हा आणखी एक ताप.

माळावरची मंडळी

शिंदळ माकुडीला कडा लागतो. आपल्याकडे कडे नाहीत, पण तिचे भाऊबंद आहेत. सुपे, मोरगाव, लोणी भापकर, मुर्टी हा जिरायती पट्टा आणि इंदापूरकडचा कडबनवाडीचा माळ म्हणजे जुने गवताळ रान. कुसळी, पवन्या, मारवेल, मध्येच हिवर, तरवड, हिंगणबेट. सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले ते चिंकारा हरणासाठी. हरीण सगळ्यांना दिसते, पण ते ज्या गवतावर जगते त्या गवतात काय काय दडलेले आहे ते बघायला वाकावे लागते.

माकडशिंग हे नाव मेंढपाळांना आणि जुन्या बायाबापड्यांना माहीत आहे. चौकोनी, मांसल, बिनपानाची कांडी. रानात भूक लागली की मोडून खायची, घरी भाजी करायची. याच माकडशिंगाचा अर्क भूक कमी करणाऱ्या गोळ्यांमध्ये घालून परदेशात विकला जातो. आपल्याकडे भूक भागवायला खाल्ली, तिकडे भूक मारायला घेतली, असा हा प्रकार! पण माल येतो तो बहुतेक रानातूनच, आणि तो काढणाऱ्या गावाला त्यातले काय मिळते, हा प्रश्न आहे. त्याकडे पुढे येतो.

दुसरी खरपुडी. हिला कंदीलपुष्पही म्हणतात. काटेरी झुडपाचा आधार घेऊन चढणारी नाजूक वेल, खाली कंद. फुलाचा आकार लहानशा कंदिलासारखा. ही फुले माशीला अक्षरशः कोंडून ठेवतात. नळीच्या आत खालच्या बाजूला वळलेले केस असतात. माशी आत सरकते, पण वर येता येत नाही. पुढे फूल सुकायला लागले की केस मऊ पडतात आणि माशी सुटते. जाताना ती परागाची पिशवी घेऊन जाते. भारतात या गटाच्या साठच्या आसपास जाती आहेत. त्यातल्या बऱ्याच फक्त सह्याद्रीत आणि त्याही एखाद्या-दुसऱ्या डोंगरावर सापडतात. २०२३ साली कोल्हापूर जिल्ह्यातील विशाळगडावर एक अगदी नवीन जात नोंदवली गेली आणि तिला शिवरायांचे नाव देण्यात आले. म्हणजे रोज लोक ज्या गडावर जातात, तिथेही शास्त्राला माहीत नसलेली वनस्पती होती.

या वेलीचे कंद खातात, हीच तिची अडचण. उसाचे खोड जमिनीत ठेवले तर खोडवा येतो. पण खरपुडीचा कंदच काढला की पुढच्या वर्षी काही येत नाही. पूर्वी गुराखी दोन-चार कंद काढायचा आणि रान मोठे होते. आता रान लहान झाले आहे. सफेद मुसळीचेही असेच. तिच्या एका जातीचे शास्त्रीय नावच मुंबईच्या बोरिवलीवरून पडले आहे. औषधासाठी मुळ्या खणून खणून रानातली मुसळी विरळ झाली.

बाहेरच्या जगात काय झाले?

लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पती उद्यानाने २०२० साली अहवाल काढला. जगातील पाचपैकी दोन वनस्पतींना नामशेष होण्याचा धोका आहे, असे त्यात म्हटले आहे. २०१९ च्या एका अभ्यासानुसार गेल्या अडीचशे वर्षांत ५७१ जातींच्या वनस्पती पृथ्वीवरून गेल्या. हे आकडे मोठे आहेत, पण आकड्यांपेक्षा दोन उदाहरणे जास्त सांगून जातात.

पहिले दक्षिण आफ्रिकेचे. तिथे १८९५ साली मेडली वुड नावाच्या तज्ज्ञाला नाताळ प्रांतातील एका जंगलात सायकसच्या जातीतले एक झाड मिळाले. एकाच बुंध्यापासून फुटलेली काही खोडे, आणि ती सगळी नर. पपईत नर-मादी झाडे वेगळी असतात हे आपल्याला माहीत आहे. नर पपईचे कितीही संगोपन केले तरी फळ लागत नाही. तसेच हे. शंभराहून अधिक वर्षे मादी झाडाचा शोध चालू आहे, ती मिळालेली नाही. रानातले शेवटचे खोडही १९१६ साली बागेत हलवले गेले. आज जगातल्या बागांत जी झाडे आहेत, ती सगळी त्या एका नराच्या फुटव्यांपासून केलेली. झाड जिवंत आहे, पण त्याचा वंश पुढे जात नाही.

दुसरे उदाहरण हिंदी महासागरातील रॉड्रिग्ज बेटाचे. मॉरिशसचाच हा भाग. तिथे कॉफीच्या कुळातले ‘कॅफे मारों’ नावाचे झुडूप होते. ते नाहीसे झाले असे सगळे धरून चालले होते. १९८० च्या सुमारास एका शिक्षकाने वर्गात त्याचे चित्र दाखवले. एका विद्यार्थ्याने सांगितले, हे झाड मी पाहिले आहे. रस्त्याकडेला ते खरोखरच उभे होते, आणि तेवढे एकच. बातमी पसरली तशी औषधी म्हणून लोक त्याच्या फांद्या तोडून नेऊ लागले. कुंपण घालावे लागले, मग त्या कुंपणाला आणखी एक कुंपण. १९८६ साली त्याचे छाट विमानाने क्यूला नेले. तिथे ते जगले, फुलले, पण बी धरायला २००३ साल उजाडले.

या गोष्टीत मला दोन बाबी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे, ते झाड मोठ्या मोहिमेने शोधले नाही, शाळेतल्या पोराने शोधले. दुसरी म्हणजे, छाटावर झाड जगवता येते, पण तेवढ्यावर काम भागत नाही. ऊस उत्पादकाला हे वेगळे सांगायला नको. एका बेण्याची टिपरी लावली की सगळा फड एकसारखा. वाढ एकसारखी, उतारा एकसारखा, आणि रोग आला तर तोही सगळ्यांना एकसारखाच. शिंदळ माकुडीची कांडीही सहज रुजते. देशोदेशीच्या छंदी लोकांच्या कुंड्यांत ती आज आहे. पण कुंडीतली झाडे म्हणजे थोड्याशा झाडांची टिपरी. वेगवेगळ्या गुणांची, बियांपासून आलेली झाडे कड्यावरच आहेत.

“याचा उपयोग काय?”

हा प्रश्न शिवारफेरीत नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. ज्याला हप्ते भरायचे आहेत, त्याने बिनकामाच्या झाडासाठी जागा का सोडावी? उत्तर आपल्याच उसात आहे.

नदीकाठी, ओढ्याकाठी काशा उगवतो. बारीक कांडी, पांढरे तुरे, रसात गोडी जवळजवळ नाही. कोणी त्याला पीक म्हणणार नाही. पूर्वी जाड, गोड उसाच्या जाती लावत, पण त्या रोगाला बळी पडत. जावा बेटावर ‘सेरेह’ नावाच्या रोगाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उसाचे मळे बसवले. आपल्याकडे कोइमतूर येथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघाले. तिथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी गोड उसाचा संकर रानातल्या काशाशी केला. त्यातून को २०५ ही जात निघाली आणि १९१८ मध्ये ती उत्तरेत लागवडीला दिली गेली. जावातही अशाच रानटी रक्ताची पीओजे २८७८ ही जात १९२१ मध्ये तयार झाली आणि तिने तिथला धंदा सावरला. को जातींची पुढची सगळी वंशावळ या संकरातून वाढली.

आपल्या शेजारच्या पाडेगाव ऊस संशोधन केंद्राने को ८६०३२ आपल्या भागासाठी शिफारस केली आणि तिला ‘नीरा’ हे आपल्या नदीचेच नाव दिले. ती जात घ्या, नाहीतर फुले २६५ घ्या. दोन्हींत त्या काशाचा अंश आहे. सोमेश्वरचा गळीत हंगाम ज्या उसावर चालतो, त्याच्या अंगात असे बिनकामाचे गवत आहे. १९१२ च्या आधी कोणी काशाचा उपयोग विचारला असता तर उत्तर मिळाले असते, छपराला घालतात. माकडशिंग, खरपुडी, शिंदळ माकुडी यांचे उद्या काय होईल हे आज ठरवता येत नाही. मात्र एकदा गेली की ठरवण्यासारखे काही राहतच नाही.

धोका कुठून आहे?

आपल्याकडे धोका कुऱ्हाडीचा कमी आणि कामाच्या घाईचा जास्त आहे. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’, ‘पडीक’, ‘गायरान’ असे लिहिलेले असते. त्या शब्दांमुळे जागा मोकळी आहे असा समज होतो. मग मुरूम तिथूनच उचलायचा, कचरा तिथेच टाकायचा, जेसीबी तिथेच फिरवायचा. बांध कोरून कोरून हातभर उरला, आणि त्या हातभरावरही तणनाशक मारले जाते. ऊस तुटला की पाचटाला काडी लावतात. आग बांधावर जाते आणि तिथून माळावर.

सरकारी कामातही लक्ष घालण्यासारखे आहे. सलग समतल चर हवेतच. पाणी अडले पाहिजे यात वाद नाही. पण आखणीची फक्की टाकताना मध्ये खरपुडीचा किंवा माकडशिंगाचा ताटवा आला, तर तेवढा तुकडा सोडून पुढे चर धरता येतो. त्याने पाणी काही पळून जात नाही. वृक्षलागवडीचेही तसेच. गवताळ माळावर दाटीने गिरिपुष्प, सुबाभूळ लावले की सावली पडते, गवत मरते आणि गवतातले लहान कंदही हटतात. झाड लावणे चांगले, पण ते ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, घराभोवती. माळाला माळच राहू द्यावे. मेंढपाळही तेच सांगतो.

आपण काय करावे?

१) ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात आपला बांध, ओघळ आणि माळ एकदा सावकाश पाहावा. कंदाच्या वेली व माकडशिंग याच काळात ओळखू येतात. उन्हाळ्यात कंद जमिनीत असतो, वर काहीच दिसत नाही. म्हणून उन्हाळ्यात ‘इथे काही नाही’ असे ठरवू नये.

२) वेगळे काही दिसले तर उपटू नये. फोटो काढावा, जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला किंवा पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयाला दाखवावा. शिरवळजवळ शिंदेवाडीला नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्र आहे, तिथे दुर्मीळ वनस्पतींच्या संवर्धनाचे काम चालते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात कंदीलपुष्पाच्या अनेक जाती जपल्या आहेत.

३) नेमका ठिकाणा मोबाइलवर गटागटांत पाठवू नये. दक्षिण आफ्रिकेत २०१९ नंतर लहान रसाळ वनस्पतींची मोठी चोरी सुरू झाली, कारण परदेशात त्यांना गिऱ्हाईक आहे. फुलाचा फोटो टाका, जागा सांगू नका.

४) पाचट जाळू नये. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकून ते सरीतच कुजवावे. जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो आणि बांधही वाचतो.

५) निदान एका बाजूचा बांध नांगर, जेसीबी आणि तणनाशकापासून मोकळा ठेवावा. बोरी, तरवड, हिंगणबेटाची जुनी काटेरी झुडपे काढू नयेत. वेलींना आधार आणि शेळ्यांपासून आडोसा तीच देतात.

६) किल्ल्यावर सहलीला गेलात तर कड्यावरची कांडी मोडून आणू नये. मुलांना दाखवा, तिथेच राहू द्या.

सरपंच, ग्रामसेवक यांच्यासाठी

२००२ साली जैविक विविधता कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच गावांत समिती कागदावर आहे आणि नोंदवही कपाटात. ती एकदा बाहेर काढा. शेजारच्या गावाची नोंदवही उतरवून काढली असेल, तर तिचा काही उपयोग नाही. ती सांगायला बसवायची माणसे म्हणजे मेंढपाळ, रानभाजी काढणाऱ्या आजीबाई, वैदू आणि शाळेची पोरे. शास्त्रीय नावे नंतर तज्ज्ञ लिहितील. आधी गावचे नाव, जागा, महिना आणि पूर्वी किती होते, आता किती आहे, एवढे लिहून घ्या.

याच कायद्याने समितीला एक अधिकारही दिला आहे. गावच्या हद्दीतून कोणी व्यापारासाठी वनस्पती गोळा करून नेत असेल, तर समिती त्यावर शुल्क आकारू शकते. माकडशिंगाचा टेम्पो भरून कोणी निघाला, तर तो कुठून आला, कुणाला विचारून काढले, हे विचारण्याचा गावाला हक्क आहे. पण नोंदवहीत त्या वनस्पतीचे नावच नसेल, तर विचारणार कशाच्या आधारावर?

गायरानात चर, लागवड, मुरूम किंवा शेडचा ठराव येईल, तेव्हा सभेपुढे नोंदवहीचे ते पान ठेवावे. अर्धा एकर कोपरा जरी ‘जैसे थे’ ठेवला तरी पुष्कळ झाले. त्याला निधी लागत नाही, ठराव लागतो. येत्या पावसाळ्यात, माळ हिरवा असताना, समितीने शाळेच्या मुलांना बरोबर घेऊन एक फेरी काढावी आणि नोंदवहीचे पहिले खरे पान भरावे. फेरीसाठी कृषी खात्याचा माणूस हवा असेल तर आपल्या मंडळाच्या कृषी कार्यालयात तसे कळवावे.